रुळांतली दवंडी

रुळांत वीज सोडली की त्यांवर उभं असलेलं प्रत्येक इंजिन चालू लागतं. मॉडेल रेल्वेच्या जुन्या डीसी पद्धतीचं सगळं सुख आणि सगळं दुःख एवढ्यात आलं. एक गोल मार्ग, एक इंजिन, चार डबे आणि शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत फिरणारं एक बटण एवढाच पसारा असेल तोवर तक्रारीला जागा नसते. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटे केले की गाडी मागे येते. पण यार्डात दुसरं इंजिन उभं केलं की पंचाईत होते, कारण पहिल्याला दिलेली वीज दुसऱ्यालाही मिळते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे रुळांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला वेगळी तार आणि वेगळा स्विच द्यायचा, आणि गाडी पुढे सरकेल तसे मागचे स्विच बंद आणि पुढचे चालू करत राहायचं. मोठ्या क्लबांमध्ये अशा स्विचांनी भिंत भरलेली असे. तिथे माणूस गाडी चालवत नसे, स्विच चालवत असे.

अमेरिकेतल्या एमआयटीत १९४६ साली सुरू झालेला टेक मॉडेल रेलरोड क्लब आपलं नियंत्रण टेलिफोन एक्स्चेंजमधून मिळालेल्या जुन्या सामानावर चालवी. टेबलाखालचं ते तारांचं जंगल सांभाळणारी काही मुलं पुढे तिथल्या सुरुवातीच्या संगणकांकडे वळली आणि संगणकवेड्यांच्या पहिल्या पिढीत गणली गेली. ते साहजिकच होतं. एका जाळ्यावर अनेक गाड्या एकमेकींना न धडकता नेणं हा प्रश्न मुळातच संगणकाच्या जातकुळीचा आहे.

प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देता यावा ही धडपडही जुनी. जनरल इलेक्ट्रिकने १९६३ मध्ये अ‍ॅस्ट्रॅक नावाची पद्धत आणली. वेगवेगळ्या वारंवारितेच्या लहरी रुळांतून सोडून तीत पाच इंजिनं स्वतंत्रपणे चालवता येत. हॉर्नबीने १९७९ मध्ये झीरो-वन आणली, तीत सोळा. मेर्कलिनने १९८०च्या दशकात डिजिटल पद्धत काढली ती मोटोरोलाच्या तयार चिपवर. या चिपच्या प्रत्येक पत्त्याच्या पायाला दोनऐवजी तीन स्थिती कळत. असे चार पाय, म्हणजे तीनाचा चौथा घात, ८१. त्यातला एक पत्ता वगळून ८० इंजिनं. खेळण्यांच्या कंपनीने निवडलेल्या एका चिपने हजारो घरांतल्या इंजिनांची कमाल संख्या ठरवून टाकली, ही गोष्ट डिजिटल सामान विकत घेणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावी अशी आहे.

जर्मनीतल्या बेर्न्ड लेन्झ यांच्या कंपनीने दोन रुळांच्या गाड्यांसाठी बांधलेली पद्धत अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने आधाराला घेतली आणि १९९४ मध्ये ती खुलं मानक म्हणून मंजूर केली. हीच डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. आज जगातली बहुतेक डिजिटल मॉडेल रेल्वे तिच्यावर चालते.

डीसीसीत रुळांमध्ये कायम पूर्ण व्होल्टेज असतं, गाडी उभी असली तरी. फक्त त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होत असते आणि या उलटण्याच्या वेळांमध्येच निरोप दडवलेला असतो. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो १, शंभर किंवा त्याहून जास्त मायक्रोसेकंदांची असेल तर तो ०. वीज आणि हुकूम एकाच तारेतून जातात. गावात दवंडी पिटावी तसा हा प्रकार आहे: ऐकू सगळ्यांना येते, हलतो मात्र ज्याचं नाव घेतलं तोच. आधी ढोलाचे ठोके, म्हणजे ओळीने निदान चौदा एक; मग इंजिनाचा पत्ता; मग हुकूम; आणि शेवटी पत्ता व हुकूम नीट पोचले की नाही हे पडताळायला एक बाइट. इंजिनाच्या पोटातला डिकोडर हे वाचतो, आपला पत्ता असेल तर मोटर, दिवे, भोंगा हलवतो आणि नसेल तर गप्प बसतो. असा एक निरोप द्यायला साधारण ६ ते ९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला सव्वाशेच्या आसपास निरोप. हे निरोप सोडणारं कमांड स्टेशन तेच तेच निरोप पुन्हा पुन्हा फिरवत राहतं, कारण घाणेरड्या रुळामुळे एखादा हुकला तर पुढचा तरी लागावा.

दवंडीचा दोषही यात आहे. हाक मारणाऱ्याला कोणी ऐकलं की नाही हे कळत नाही. मूळ डीसीसीत इंजिनाकडून परत काहीच येत नसे. पुढे लेन्झनेच रेलकॉम आणलं. त्यात प्रत्येक निरोपानंतर स्टेशन क्षणभर वीज तोडतं आणि त्या फटीत डिकोडर आपला पत्ता, वेग, तापमान असं काही बोलून घेतो. मोठ्या मांडणीत याचा उपयोग खरा आहे. पण स्टेशन, त्याचे हुकूम पुरेशा विजेसह रुळांत सोडणारा बूस्टर आणि डिकोडर या तिघांनाही ते कळत असेल तरच. खोक्यावर नुसतं नाव छापलेलं पाहून भुलू नये.

आता निवडीचा प्रश्न. नवखा माणूस दुकानात किंवा कॅटलॉगमध्ये आधी बघतो हातातला कंट्रोलर: पडदा केवढा, बटणं किती, रंगीत चित्र दिसतं का. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. कंट्रोलर आणि कमांड स्टेशन या एकदाच घ्यायच्या वस्तू आहेत, बदलायच्या म्हटल्या तर एका संध्याकाळी बदलून होतात. खरा पैसा आणि खरे कष्ट डिकोडरांत जातात. वीस इंजिनं असली तर वीस डिकोडर, त्यातले बरेचसे आवाजवाले, प्रत्येक इंजिन उघडून, तारा सोडून, जोडून, परत मिटवून बसवलेले. त्या वीस डिकोडरांना जी भाषा कळते ती पुढची पंचवीस वर्षं तुमची भाषा. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणतं स्टेशन’ हा नसून ‘ही भाषा एका कंपनीची आहे की सगळ्यांची’ हा आहे.

याचं उत्तम उदाहरण न्यूरेम्बर्गच्या एलजीबीचं. एर्न्स्ट पाउल लेहमान कंपनीने १९६८ मध्ये ही बागेत मांडायची मोठी रेल्वे बाजारात आणली. रुळांतलं अंतर ४५ मिलिमीटर, प्रमाण १:२२.५. मीटरगेजचे हजार मिलिमीटर भागिले साडेबावीस, म्हणजे जवळजवळ तेवढेच. गंमत अशी की ४५ मिलिमीटरच्या याच रुळावर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या धावतात: स्टँडर्ड गेज दाखवायचं असेल तर १:३२, अमेरिकेतली तीन फुटी लाइन दाखवायची असेल तर १:२०.३. कोणाला आपल्या नेरळ-माथेरानची ६१० मिलिमीटरची गाडी याच रुळावर आणायची असेल तर प्रमाण साधारण १:१३.५ येतं आणि इंजिन मांडीवर मावणार नाही एवढं होतं.

या एलजीबीने १९९०च्या दशकात एमटीएस नावाची डिजिटल पद्धत आणली. २३ पत्ते, वेगाच्या १४ पायऱ्या आणि एक विचित्र खोड. सुरुवातीची स्टेशनं भोंगा, घंटा, धूर अशा फंक्शनांचे हुकूम सरळ पाठवत नसत. पाचवं फंक्शन हवं असेल तर पहिल्या फंक्शनचा हुकूम पाच वेळा ठोकायचा आणि डिकोडरने ते मोजायचे. आठवा आवाज हवा असेल तर बटण दाबून गाडी फाटकापाशी पोचेपर्यंत वाट पाहावी लागे. मधला एखादा ठोका हुकला तर भोंग्याऐवजी घंटा वाजे. पुढे २००६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, २००७ मध्ये मेर्कलिनने ती घेतली, आणि २००९ मध्ये खुद्द मेर्कलिनवरच दिवाळखोरीची पाळी आली. तरीही एमटीएसवाल्यांची इंजिनं भंगारात गेली नाहीत, कारण या सगळ्या खोडींच्या खाली भाषा डीसीसीचीच होती. आजच्या स्टेशनवर अशा जुन्या इंजिनाचा पत्ता टाकला आणि वेगाच्या पायऱ्या १४ वर ठेवल्या तर ते निमूट चालतं. पायऱ्या २८ वर राहिल्या तर वेग वाढवताना पुढचा दिवा लागतो-विझतो. डिकोडर बिघडला असं समजून कित्येक जण तो काढून टाकतात, बिघडलेली असते ती फक्त एक सेटिंग. उलट झीरो-वनचे मॉड्यूल डीसीसीच्या कोणत्याही स्टेशनला कळत नाहीत. ती पद्धत बंद पडली आणि तिच्याबरोबर इंजिनांतलं सगळं सामानही.

‘मोठी’ मॉडेल रेल्वे म्हणजे काय, हे मात्र आधी ठरवावं लागतं. इंजिन मोठं की इंजिनं पुष्कळ? दोन्हींच्या गरजा निराळ्या आहेत, आणि एकाच खोक्याने दोन्ही भागवायला गेलं की पैसे दुप्पट जातात.

इंजिन मोठं असेल तर लढाई विजेशी आहे. १:८७च्या, म्हणजे एचओ प्रमाणाच्या आजच्या इंजिनाला पाव ते अर्धा अँपियर पुरतो आणि रुळांत पंधरा व्होल्टच्या आसपास ठेवले की झालं. ४५ मिलिमीटरवरचं दोन मोटरींचं, धूर सोडणारं, शिट्टी मारणारं इंजिन चढावर दीड ते तीन अँपियर सहज ओढतं. डब्यांतले दिवे वेगळेच. व्होल्टेजही वीस ते चोवीस लागतं. एचओवाल्याला ऐसपैस वाटणारं पाच अँपियरचं स्टेशन इथे दोन गाड्यांत धापा टाकू लागतं. म्हणून मासोथसारख्या जर्मन कंपन्या बागेतल्या गाड्यांसाठी १२ अँपियरची स्टेशनं बनवतात.

आता इथे शाळेतला ओहमचा नियम कामाला येतो. स्टेशन घराच्या पडवीत आणि रुळांचं दुसरं टोक ३० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तार झाली ६० मीटर. घरातल्या दिव्यांना वापरतात ती दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार मीटरला साधारण १२ मिलिओहम रोध करते. साठ मीटरचे झाले पाऊण ओहमच्या आत-बाहेर. पाच अँपियर वाहिले की साडेतीन व्होल्टहून जास्त वाटेतच संपतात आणि लांबच्या टोकाला गाडी रेंगाळते. अडीच स्क्वेअर एमएम घातली तर हाच तोटा सव्वादोन व्होल्टांच्या खाली येतो, चार घातली तर दीडच्या. नवीन स्टेशनपेक्षा जाड तार नेहमी स्वस्त पडते. पितळी रूळ स्वतः चांगले जाड असतात, त्यांचा दोष नसतो. दोष असतो तो दोन रुळांमधल्या जोडांचा. उन्हात ते सैल होतात, पावसात आतून हिरवे पडतात. आपल्याकडच्या पावसाळ्याचे चार महिने बाहेर काढलेला साधा सरकता जोड दिवाळीत वीज नेईल याची खात्री नसते. स्क्रूने आवळायच्या क्लॅम्पला पर्याय नाही, आणि दर काही मीटरवर मुख्य तारेतून रुळांना वीज द्यावी हे बरं.

जास्त अँपियरचं स्टेशन घेतलं म्हणजे झालं, असंही नाही. समजा डबा रुळावरून घसरला आणि त्याची चाकं दोन रुळांना जोडून आडवी पडली. वाटेतल्या कच्च्या जोडांमुळे एकूण रोध तीन ओहम आहे आणि व्होल्टेज वीस. वाहणारा प्रवाह होईल जवळजवळ पावणेसात अँपियर. पाच अँपियरचा बूस्टर हा शॉर्ट आहे हे ओळखून लगेच बंद पडेल. दहा अँपियरच्या बूस्टरला मात्र वाटेल की दोन-तीन गाड्या चढावर आहेत, आणि तो इमानाने वीज पुरवत राहील. ही जवळजवळ १३३ वॉट उष्णता त्या जोडांत आणि चाकांपाशी जिरते. प्लास्टिकची बोगी वितळायला वेळ लागत नाही. म्हणून मोठ्या मांडणीत एक दांडगा बूस्टर ठेवण्यापेक्षा विभाग पाडून प्रत्येकाला आपला बूस्टर किंवा निदान आपला सर्किट ब्रेकर द्यावा. चाचणी साधी: मार्गाच्या प्रत्येक टोकाला, लांबात लांब जागी, दोन रुळांवर आडवं नाणं ठेवायचं. तत्काळ वीज तुटली पाहिजे. एके ठिकाणी जरी तुटली नाही तरी आधी तारा सुधारायच्या, गाडी नंतर.

विभागांचा आणखी एक फायदा आहे तो सांध्यांच्या बाबतीत. सांधे बदलणाऱ्या मोटरी रुळांतल्याच विजेवर आणि रुळांतल्याच हुकमावर चालवणं सोपं वाटतं, तारा वाचतात. पण सांधा चुकीच्या दिशेला असताना इंजिन त्यात शिरलं की बहुधा शॉर्ट होतो, बूस्टर बंद पडतो, आणि आता सांधा फिरवायचा तर वीजच नाही. गाडी हाताने ढकलण्याखेरीज गत्यंतर उरत नाही. सांध्यांना आणि सिग्नलांना वेगळी वाहिनी दिली की हा पेच उद्भवत नाही. मला तर स्टेशन निवडताना हाच प्रश्न मोठा वाटतो: सांध्यांसाठी स्वतंत्र वीज आणि स्वतंत्र तार देण्याची सोय यात किती सरळ आहे?

बागेतली काही मंडळी रुळांतून वीज द्यायलाच नको म्हणतात. इंजिनात किंवा मागच्या डब्यात लिथियम-आयनच्या चार सेलांची बॅटरी, म्हणजे १४.८ व्होल्ट, आणि हुकूम रेडिओवरून. रूळ केवळ वाट दाखवायला. मग ते घासायची गरज नाही, जोडांची चिंता नाही, आणि गाडी वळून त्याच मार्गावर परत आणली तरी प्लस-मायनस भिडायचा प्रश्न नाही. बाहेरच्या लांब मार्गावर, तीन-चारच इंजिनं असतील तर मी हाच रस्ता सुचवेन. इंजिनं वीस झाली की बॅटऱ्याही वीस, चार्जिंगही वीस, आणि दर काही वर्षांनी त्या बदलायच्या. काळ्या प्लास्टिकच्या इंजिनात मे महिन्याच्या दुपारी बॅटरी ठेवणं हे तर नकोच. शिवाय रेडिओच्या पद्धतींत डीसीसीसारखं एक मानक नाही. इंजिनात डीसीसीचाच डिकोडर ठेवून त्याला रेडिओवरून डीसीसीचेच हुकूम पुरवणारी उपकरणं मिळतात, ती घेतली तर उद्या मन बदललं तरी डिकोडर वाया जात नाही. मधला मार्ग म्हणजे डिकोडरजवळ कपॅसिटरचा साठा. रुळाचा घाणेरडा तुकडा आला की इंजिन तेवढ्या क्षणापुरतं स्वतःच्या विजेवर पुढे सरकतं. घरातल्या मांडणीला हा पुरेसा आहे.

इंजिनं पुष्कळ असतील तर लढाई गर्दीशी आहे. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलँडमध्ये, जे २००१ मध्ये सुरू झालं, १:८७ प्रमाणात हजाराहून जास्त गाड्या आहेत आणि त्या प्रामुख्याने संगणक चालवतात. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेलं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या गर्दीचा छोटा नमुना ठाऊक असेल. अशा मांडणीत विजेची तूट क्वचितच आड येते, आड येते ती दळणवळणाची. सेकंदाला सव्वाशे निरोपांत शंभर इंजिनं, त्यांचे दिवे, त्यांचे आवाज आणि वर सांधे व सिग्नल बसवायचे म्हटलं तर एकेका इंजिनाची पाळी यायला वेळ लागतो. चांगलं स्टेशन नुकताच बदललेला हुकूम रांगेत पुढे काढतं, सामान्य स्टेशन ओळीने फिरत राहतं. खोक्यावर याबद्दल काही लिहिलेलं नसतं. दहा-पंधरा गाड्या एकदम चालवून पाहिल्या की कळतं.

कंट्रोलर आणि स्टेशन यांच्यात कोणती वाहिनी आहे हेही इथे बघावं लागतं. डिजिट्रॅक्सच्या लोकोनेटवर कोणतंही उपकरण केव्हाही बोलू शकतं, दोघं एकदम बोलले तर थांबून पुन्हा बोलतात. लेन्झच्या एक्सप्रेसनेटवर स्टेशन एकेकाला विचारत फिरतं आणि जास्तीत जास्त ३१ उपकरणं बसतात. चार माणसांच्या घरात फरक जाणवणार नाही. पंचवीस जण शनिवारी संध्याकाळी जमणाऱ्या क्लबात, आणि गाडी कुठे आहे हे सांगणारे सेन्सरही त्याच तारेवर असतील तिथे, लोकोनेटसारखी मोकळी वाहिनी सोयीची. रोकोच्या झेड२१ सारखी स्टेशनं वायफायवरून फोनलाच कंट्रोलर करून देतात. पाहुण्यांच्या मुलांना गाडी चालवायला द्यायची तर हे झकास. स्वतः शंटिंग करणाऱ्याने मात्र फिरवायचं बटण असलेला कंट्रोलर घ्यावा. डबे जोडताना नजर कपलिंगवर हवी, काचेवरून बोट कुठे सरकतंय ते बघण्यात गेली की धडक ठरलेली.

संगणकाने गाड्या चालवायच्या तर रुळाचा कोणता तुकडा भरलेला आहे हे त्याला कळलं पाहिजे. यासाठी तुकड्यातून वाहणारा प्रवाह मोजतात. इंजिन वीज घेतं म्हणून ते दिसतं, दिवे नसलेले डबे घेत नाहीत म्हणून त्यांच्या एखाद्या आसावर छोटा रोधक चिकटवावा लागतो, नाहीतर सुटून मागे राहिलेला डबा यंत्रणेला अदृश्य राहतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणतंही महाग स्टेशन ते वाचवत नाही.

हे सगळं एकत्र बांधणारी जेएमआरआय नावाची फुकट, खुली प्रणाली आहे. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ बॉब जेकबसेन यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. डिकोडरच्या शेकडो सेटिंगांना माणसाला कळेल असं रूप देणं हे तिचं सगळ्यात उपयोगी काम. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने आपल्या पेटंटचा भंग झाल्याचा दावा करून जेकबसेन यांच्याकडे पैसे मागितले. पुढे प्रकरण उलटलं, कारण त्या कंपनीने जेएमआरआयच्या फायली श्रेय न देता आपल्या उत्पादनात वापरल्याचं निघालं. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने असा निर्णय दिला की फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यातल्या अटीही खऱ्या अटी आहेत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होतो. खुल्या सॉफ्टवेअरच्या कायद्यात हा निकाल आजही सांगितला जातो, आणि तो लागला खेळण्यातल्या आगगाड्यांवरून. निवडीच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की जे स्टेशन जेएमआरआयशी बोलू शकत नाही ते मोठ्या मांडणीसाठी घेऊ नये.

भारतात बसून निवड करताना आणखी काही गोष्टी आड येतात. अमेरिकेतून आणलेल्या कित्येक संचांबरोबरचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावला की पहिल्याच दिवशी निकाल. स्टेशन बिघडलं तर ते दुरुस्तीला समुद्रापलीकडे पाठवायचं, येता-जाता जकात भरायची. त्यामुळे डीसीसी-ईएक्स हा खुला पर्याय इकडे विशेष आकर्षक ठरतो. अर्डुइनोचा एक बोर्ड आणि त्यावर मोटर चालवणारी शील्ड एवढ्यावर हे कमांड स्टेशन होतं. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत हाताने निवडून घेता येतं, आणि एखादा भाग जळला तर तेवढाच बदलता येतो. साध्या शील्डवर एचओच्या दोन-तीन गाड्या आरामात चालतात. मोठ्या प्रवाहासाठी त्याला मोटर चालवणारी जास्त ताकदीची शील्ड किंवा वेगळा बूस्टर जोडावा लागतो. दुकानातल्या खोक्याची सफाई त्यात नाही आणि ज्याला सोल्डरिंगची गन हातात धरायची नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये. पण बागेसाठी बारा अँपियरचं स्टेशन मागवण्याआधी अशा स्वस्त संचावर दहा मीटर रूळ, एक सांधा आणि दोन इंजिनं घेऊन एक पावसाळा काढला तर आपल्याला खरोखर काय हवं आहे ते नेमकं कळतं. तोवर घेतलेले डिकोडर पुढच्या स्टेशनवरही तसेच चालतील.

पत्ते देतानाची एक अडचण खास भारतीय आहे. हौशी माणूस इंजिनाच्या बाजूला रंगवलेला क्रमांकच त्याचा डिजिटल पत्ता म्हणून ठेवतो, म्हणजे लक्षात ठेवायला काही उरत नाही. पण डीसीसीच्या लांब पत्त्यासाठी जी जागा ठेवली आहे तीत १०,२३९ पर्यंतच आकडे मावतात, आणि पुष्कळ स्टेशनं ९,९९९ वरच थांबतात. भारतीय रेल्वेच्या मोठ्या इंजिनांचे क्रमांक पाच आकडी आणि त्यापलीकडचे. शेवटचे चार आकडे घ्यावेत तर वॅप-१ वर्गाचं पहिलं विजेचं इंजिन २२००१ आणि डब्ल्यूडीजी-४ वर्गाचं पहिलं डिझेल इंजिन १२००१, दोघांचाही पत्ता २००१ येतो. दोन्ही एकाच यार्डात उभी केली आणि एकाला हाक मारली, तर दोन्ही निघतील.